पाटाकडची बाजू

गोष्ट सन एकोणीसशे छत्तीसची, तेव्हा मी चौतीस वर्षांचा. जन्माची नोंद कुठं नाही. प्लेगात गाव माळावर राहायला गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो, त्यावरून काढलेलं वय आहे. कमीजास्त असेल तर असो, मी चौतीसच म्हणणार.

संपादक म्हणाले, तुमच्या नोकरीबद्दल लिहा, पायरी पायरीनं कसे चढलात ते सांगा. मी म्हटलं, पायरी एकच होती, तिच्यावर उभा होतो. नंदुरबारच्या एका हायस्कुलात मी फुटबॉलचा दुय्यम मास्तर. आधी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचो. मग पलटणीतून आलेल्या एका ड्रिलमास्तरांनी माझी लाथ पाहिली आणि रेघांच्या आत घेतलं. मराठी तिसरीपुढं मी गेलो नाही, त्यामुळं मोठा मास्तर होण्याचा प्रश्न नव्हता. त्याला सर्टिफिकेट लागतं.

दुय्यम काय करतो ते बाहेरच्यांना कळत नाही. मोठे मास्तर शिटी वाजवतात. शिटी वाजल्यावरही एखादा का पळत नाही, ते दुय्यमानं शोधायचं. कुणाचा घोटा सुजलाय, कुणी सकाळपासून उपाशी आहे, कुणाचं घरी भांडण झालंय. शिवाय चेंडू. तेव्हाचा चेंडू म्हणजे बाहेर चामडं, आत रबरी ब्लॅडर, वरून वादी आवळायची. खानदेशातल्या उन्हात कातडं असं कडक होतं की डोक्यानं मारणाऱ्याला तारे दिसतात. त्याला एरंडेल मी चोळायचो. जाळीत घालून चेंडू सदा माझ्या खांद्यावर. बायको म्हणायची, "पोरले कधी इतलं खांदावर लिधं नही."

गिऱ्हाइकंही एकेक. पुखराज नावाचा एक होता, मारवाडी जैन घरातला, डाव्या बाजूला वाऱ्यासारखा पळायचा. त्याला संघात घेतल्याचं कळल्यावर त्याच्या आईनं मला दुकानाच्या ओट्यावर बोलावलं. म्हणाल्या, "मास्तर, माझा पुखराज चामड्याला हात लावणार नाही हां."

मी म्हटलं, "हात लावतच नाहीत काकू, ह्या खेळात पायानं खेळतात."

"पायाचं मी पाहिलं नाही. पायाचं मला सांगू नका."

झालं. पण चेंडू रेघेबाहेर गेला की तो हातानं आत टाकावा लागतो, आणि डावीकडची ती टाकणी पुखराजची. तो चेंडूपाशी हात मागं बांधून उभा राहायचा. म्हणून मी ठरवून दिलं की डावीकडचा चेंडू मागून येऊन वेस्तानं टाकायचा. समोरचे हसायचे. हसता हसता त्यांच्या लक्षात यायचं नाही की पुखराज तेवढ्यात पुढं मोकळा जाऊन उभा राहिलाय.

वेस्ता आमचा डावा बॅक. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला भिल्ल, शाळेच्या बोर्डिंगात राहणारा, मिशा फुटलेला गडी. त्या काळात डोंगरातून शिकायला येणारे असे उशिराच यायचे. बूट त्याला चालायचे नाहीत, अनवाणी खेळायचा. त्याच्या अंगावरून चेंडू नेणारा मी तरी पाहिला नव्हता.

त्या साली शहाद्याला बक्षिसाच्या ढालीचा शेवटचा सामना ठरला. समोर धुळ्याच्या एका शाळेचा संघ. त्यांच्याकडून आम्ही आधी दोनदा हरलेलो. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "दगडू, खेळाचे मास्तर आम्ही ठेवलेले आहेतच. त्यात दुय्यम कशाला, असं कमिटी विचारते. ह्या वर्षी ढाल आली तर मला काही बोलता येईल. नाही आली तर बोलता येणार नाही."

रागानं नाही बोलले. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं, मी उलटून बोललो असतो. तेव्हापासून जेवण गोड लागेना. मला दुसरं काय येत होतं? शेत नाही, दुकान नाही. लाथ मारता येत होती आणि दुसऱ्याला शिकवता येत होती.

आणि सामन्याचा दिवस निघाला होळीच्या आदल्या दिवशीचा.

वेस्ता मोठ्या मास्तरांपुढं जाऊन उभा राहिला. मोठे मास्तर म्हणजे लिमये सर, पुण्याकडचे. माणूस जाणकार, खोटं कशाला सांगू. वेस्ता म्हणाला, "सर, मी घरी जातो. होळी आहे."

सर म्हणाले, "अरे, होळी दर वर्षी येते."

"ढालपण दर वर्षी येते सर."

सरांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं आणि रजा नाही म्हणाले. वेस्ता दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेला. जाताना मला मात्र मैदानावर गाठून म्हणाला, "मास्तर, मी येवाव नही. मन्हा नवस शे. पाचवं साल शे, शेवटनं."

नवस असा. लहानपणी वेस्ताला ताप आला, शुद्ध गेली. बापानं होळीला बोलून ठेवलं की पोरगा उठला तर मोठेपणी पाच वर्षं बुध्या होऊन नाचेल. बुध्या म्हणजे कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्याला मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, आणि रात्रभर नाच. नाचण्याचं काही नाही. त्यासोबतची पाळणी कडक. आदल्या दिवसापासून अंगाला पाणी लावायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, पायात घालायचं नाही, बाईमाणसाचा स्पर्श नको, आणि त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आत होळीच्या जागी रांगेत उभं राहायचं; तिकडं होळी रात्रभर नाचून पहाटे पेटवतात. मधे कुठं मोडलं की मागची सगळी वर्षं गेली, पुन्हा पहिल्यापासून. वेस्ताचं लग्न ठरलेलं होतं. मुलीकडचे नवस फिटायची वाट पाहत होते. मोडला असता तर त्यांनी आणखी पाच वर्षं वाट पाहिली असती का? मला नाही वाटत.

लिमये सर म्हणाले, "त्याच्याऐवजी दुसरा खेळवू." दुसरा होता, पण तो बॅक नव्हता, नुसता उभा राहणारा होता. मी रात्रभर कूस बदलत राहिलो आणि उजाडताच डोंगराकडं निघालो. सरांना म्हटलं, घेऊन येतो. कसा आणणार, ते मलाच ठाऊक नव्हतं.

प्रकाशाला नावेनं तापी ओलांडली, तळोद्यापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं बैलगाडी, आणि अक्कलकुव्यापासून पायी. वेस्ताचा बाप जोमाबाबा घरापुढं भोपळ्यांना भोकं पाडत बसला होता. आजूबाजूला गावचे जुने लोक. त्यांची बोली मला अर्धीच कळायची, वेस्ता मधे सांगायचा. मोहाची वाटी पुढं आली. मी घेत नाही, तरी ओठाला लावली.

मी जोमाबाबाला म्हटलं, "नवसात नाच आहे. नवसात फुटबॉल खेळू नये असं कुठं सांगितलंय?"

म्हातारे एकमेकांकडं पाहायला लागले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बराच वेळ त्यांच्यात बोलणं चाललं. एक जण हातवारे करून काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले.

मी वेस्ताला विचारलं, "काय म्हणे?"

"तो म्हणस, मास्तर ते वकील शे. कोर्टात पाठाडा त्याले."

शेवटी जोमाबाबा बोलला. वेस्तानं सांगितलं ते असं: खेळायला हरकत नाही. पळणं म्हणजे नाचच आहे. पण उद्यापासून पाळणी सुरू होते. अंगाला पाणी नको, खाट नको, पायात काही नको, बाईचा हात नको, आणि सूर्य त्या समोरच्या डोंगराला टेकायच्या आत इथं हवा. आणि हे सगळं वेस्तानं नाही सांभाळायचं. तो खेळेल. तुम्ही घेऊन जाताय, तुम्ही सांभाळायचं.

मी म्हटलं, "माझा शब्द."

शब्द देताना किती सोपा असतो! म्हातारा माझ्याकडं बघत राहिला आणि परत भोपळ्याला भोक पाडायला लागला.

सकाळी अक्कलकुव्याच्या बाजारापाशी मोटार उभी होती. पुखराजच्या मामांचा शहाद्याला कापसाचा धंदा. मी निघताना पुखराजकरवी निरोप धाडला होता, म्हणून भाच्याच्या सामन्यासाठी त्यांनी आपली मोटार पाठवली होती. संध्याकाळी परत आणून सोडायचंही त्यांनी कबूल केलं होतं. वेस्ता दारापाशी थांबला. आत गादी. गादी म्हणजे खाट की नाही? मला सांगता येईना. मी म्हटलं, "खाली बस, पाय ठेवतात तिथं." तो खाली बसला, मी गादीवर. नंतर मलाच कसंतरी झालं, मीही खाली बसलो. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "मास्तर, गादीले काय काटा शेतस का?"

वाटेत ओढा आला, टीचभर पाणी. मी वेस्ताला पाय वर घ्यायला लावले. तळोद्याला पाणी प्यायला थांबलो तर मी तांब्या त्याच्या हातात देईना. वरून मीच धार सोडली, तीसुद्धा हनुवटीवर सांडू नये म्हणून खाली माझा हात धरला. वेस्ता हसायला लागला. "मास्तर, मी लहान पोऱ्या शे का?"

मी म्हटलं, "हसू नको. हसशील तर सांडेल."

शहाद्याचं मैदान मी आधी पाहिलेलं नव्हतं. एका बाजूनं आणि दोन्ही गोलांमागं बाभळीचं कुंपण, आणि दुसऱ्या बाजूला लांबीच्या रेघेला लागून केळीच्या बागेचा पाट. विहिरीवर मोट चालू, पाट काठोकाठ भरून वाहतोय. रेघ आणि पाट ह्यांच्यात चार पावलं जागा असेल नसेल.

मी लिमये सरांना म्हटलं, "सर, मोट थांबवायला सांगा."

"का?"

मी पाळणी सांगितली. सर म्हणाले, "दगडूराव, बाग त्यांची, पाणी त्यांचं. आणि तुम्ही हे कबूल करून आलात? मला न विचारता?" ह्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी बागवानाकडं माणूस पाठवलासुद्धा. बागवानानं उलट निरोप धाडला की केळीला पाळी आज आहे, चेंडूला उद्या द्या.

नाणं उडवलं. पहिल्या अर्ध्यात आमची डावी बाजू बाभळीकडं आली. माझा जीव भांड्यात पडला, पण निम्माच, कारण अर्ध्या वेळेनंतर बाजू बदलतात.

पहिल्या अर्ध्यात धुळेकरांनी एक गोल केला, आणि पुखराजनं तो फेडला. वेस्ता तर असा खेळला की शहाद्याचे लोक त्याचं नाव विचारायला लागले. मी सामना पाहतच नव्हतो म्हटलं तरी चालेल. मी सूर्य पाहत होतो आणि पाट पाहत होतो. मधल्या सुट्टीत आमच्याकडं पद्धत अशी की दुय्यमानं बादली घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर तांब्या ओतायचा. मी बादलीच आणली नाही. बाकीचे उन्हानं लाल झालेले, शिव्या द्यायला लागले. पुखराज म्हणाला, "मास्तर, तुमचा नवस आहे की ह्याचा?" पुखराजचे मामा गुलाबपाण्याची दाणी घेऊन शिंपडत येत होते, सगळ्यांचं कौतुक करायला. मी मधे आडवा झालो. शेठजींनी ते सगळं गुलाबपाणी माझ्या तोंडावर शिंपडलं आणि पुढं गेले.

दुसरा अर्धा. आता पाट आमच्या डाव्या हाताला. मी रेघेबाहेर, पाटाच्या कडेनं, वेस्ताबरोबर पुढंमागं धावतोय. चेंडू एकदा पाटात पडला. आत टाकायचा तर वेस्तानं टाकायचा, चेंडू ओला. मी धोतराच्या सोग्यानं तो इतका पुसला की रेफरीनं शिटी वाजवली. रेफरी पोलिसातले फौजदार होते. म्हणाले, "तुम्ही खेळाडू आहात का धोबी?" लोक हसले. मी पुसतच राहिलो. ओल्या चेंडूचं पाणी हाताला लागलं तर मोडतं का? हे मी जोमाबाबाला विचारलंच नव्हतं. आणखी काय काय विचारायचं राहिलं, ते एकेक आठवायला लागलं.

शेवटाला थोडा वेळ उरला असेल. एकास एक. बरोबरीत सुटलं तर ढाल निम्मं निम्मं वर्ष दोघांकडं राहणार होती. हेडमास्तर खुर्चीवर बसले होते. मी मनात म्हटलं, निम्मी ढाल तर निम्मी, तेवढ्यावर कमिटीला बोलता येईल.

तेवढ्यात त्यांचा उजवीकडचा पोरगा चेंडू घेऊन रेघेच्या अगदी कडेनं निघाला. वेस्ता त्याच्या मागून तिरका आला. ती त्याची नेहमीची चाल: पूर्ण वेगानं यायचं, शेवटच्या क्षणाला अंग झोकून चेंडू बाहेर काढायचा, आणि स्वतः रेघेबाहेर घसरत जायचं. मीच शिकवलेली होती. आमच्या मैदानावर रेघेबाहेर धूळ असते. इथं पाट होता. त्याची नजर चेंडूवर, पाट त्याला दिसतच नव्हता. त्यानं अंग टाकायला घेतलं.

मी रेघ ओलांडली आणि त्याला कमरेत धरला.

दोघं गरकन फिरलो आणि मी पाठीवर आपटलो, तो माझ्या अंगावर. माझं डोकं पाटाच्या बांधाला लागलं. पाण्याचा आवाज कानाशी येत होता. मी आधी त्याच्या अंगावरून हात फिरवला. घाम होता, धूळ होती, पाणी नव्हतं.

धुळ्याचा पोरगा मोकळा गेला. गोलापाशी जाऊन त्यानं असा जोरात मारला की आमचा गोलकीपर बघतच राहिला. गोलामागं जाळी नव्हती. चेंडू थेट बाभळीच्या कुंपणात जाऊन अडकला.

रेफरी माझ्याकडं धावत आले. पण मी धरला होता आमचाच गडी, चेंडूला हात लावला नव्हता. असला प्रकार त्यांनीही पाहिला नसावा. गोल दिला, मला मैदानातून घालवलं.

वेस्ता उठला आणि ओरडला, "मास्तर, का धरं? कसाले धरं माले?" मग त्यानं पाट पाहिला. खाली बसला.

तो आपला आपण थांबला असता का? चेंडू काढून काठावरच सावरला असता का? त्याचे पाय मला ठाऊक होते, तो सावरलाही असता. मग ढाल निम्मी तरी आमच्या कपाटात असती. हे मी आजवर कितीदा मनात खेळून पाहिलंय. कधी तो थांबतो, कधी पाण्यात जातो.

सामना संपल्यावर लिमये सर आले. आवाज चढवला नाही. "दगडूराव, उद्यापासून मैदानावर येऊ नका." मागं हेडमास्तर उभे होते, त्यांनी मान दुसरीकडं केली. मी म्हटलं, "बरं." पोरांपैकी कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. पुखराजनं बाभळीतून चेंडू काढायला काठी घेतली. हात लावायचा नव्हता ना. मग काठीनं ढकलत माझ्यापर्यंत आणला, आणि मी तो जाळीत घातला.

बोलायला वेळही नव्हता. सूर्य माथ्यावरून केळीच्या बागेकडं कलायला लागला होता. आम्ही दोघं मोटारीत खाली बसलो. ड्रायव्हरनं मोटार दामटली. अक्कलकुव्याच्या पुढं रस्ता संपला तसे पळत सुटलो. तो पुढं, मी मागं. माझी पाठ बांधावर आपटून ठणकत होती. तो थांबून माझ्यासाठी मागं बघायचा आणि मी ओरडायचो, "पळ! माझी वाट पाहू नको, पळ!"

शेवटच्या चढावर मला तो दिसेनासा झाला. मी वर पोचलो तेव्हा सूर्याची खालची कड डोंगराला लागलेली होती. म्हणजे मी पोचलो तेव्हा. तो आधी पोचला होता. रांगेत उभा होता, आणि जोमाबाबा त्याच्या कमरेला भोपळे बांधत होता. बांधता बांधता त्यानं मला काही विचारलं.

वेस्ता म्हणाला, "बाबा म्हणस, जिंकनात का?"

मी म्हटलं, "सांग, हरलो."

"का हरलात, म्हणस."

"तूच सांग."

वेस्तानं सांगितलं. त्याच्या बोलीत, हातानं दाखवत दाखवत, कमरेला कसं धरलं ते. म्हाताऱ्याचे हात भोपळ्याच्या दोरीवर थांबले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग दोरीची गाठ आणखी एकदा आवळली आणि कुणाला तरी ओरडून सांगितलं. एका म्हातारीनं माझ्यासाठी भाकरी आणून दिली.

पहाटे होळी पेटली. रात्रभर घुंगरं वाजत होती, मी एका दगडाला टेकून होतो, झोप लागली नाही. वेस्ताचा नवस फिटला. माझं काय, ते कुणी सांगणारं नव्हतं. घरी बायकोला काय सांगायचं, ते ठरत नव्हतं.

सकाळी मी डोंगर उतरलो. अक्कलकुव्याच्या बाजारात एक सायकलदुरुस्तीवाला नुकताच दुकान उघडत होता. मी जाळीतून चेंडू काढला, वादी सोडली, ब्लॅडर बाहेर ओढलं. बाभळीचा काटा आरपार गेला होता. दुकानवाल्यानं विचारलं, "कोणा फुटबॉल शे, मास्तर?"

मी म्हटलं, "शाळेचा. आज संध्याकाळी लागणार आहे."

त्याच्याकडून बादली मागून घेतली, ब्लॅडरात हवा भरली, ते पाण्यात दाबून धरलं, आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसलो.